बांधाचा खर्च कोणी सोसायचा?



या व्यासपीठावर विद्वान मंडळी बोलून गेली आहेत. मी त्यांच्या पंक्तीचा नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. त्यापुढचे जे काही आहे ते रात्रीच्या वर्गात, सार्वजनिक वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या ओट्यावर झालेले आहे. तेव्हा आजच्या विषयाकडे मी युनियनवाल्याच्या डोळ्यांनीच पाहणार. आमच्या धंद्यात मागणीपत्रक लिहायला बसले की पहिला प्रश्न येतो तो हा, की पैसा कोठून यायचा आणि आजवर तो कोणाच्या खिशातून जात होता. पुराच्या आणि समुद्राच्या पाण्यापासून संरक्षण करण्याच्या कामालाही हाच प्रश्न लावून पाहावा, एवढाच माझा हेतू.

पनवेलकरांना हा विषय परका नाही. माथेरानच्या डोंगराकडून गाढी येते, तिला काळुंद्री मिळते, तळोज्याकडून कासाडी येते आणि सगळे पाणी खाडीत उतरते. समोरून समुद्राची भरती येते. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि घाटमाथ्यावरचा जोराचा पाऊस हे दोन्ही एकाच वेळी आले, की नदीला बाहेर पडायला वाट राहत नाही. मग पाणी माघारी फिरते आणि कोळीवाड्यात, पटेल मोहल्ल्यात, नदीकाठच्या झोपड्यांत शिरते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस पडला, त्या दिवशी आपल्या गावाचे काय झाले हे या सभेतल्या अर्ध्या लोकांनी डोळ्यांनी पाहिले आहे.

आता खारबंदिस्ती म्हणजे काय, हे शहरात वाढलेल्या तरुणांसाठी थोडे सांगतो. खाडीकाठची जमीन भरतीच्या पाण्याखाली जाते, ती खाजण. तिच्या कडेने चिखलमातीचा बांध घातला, की भरतीचे पाणी बाहेर थोपते. या बाहेरच्या मुख्य बांधाला बाहेरकाठा म्हणतात. पण पावसाचे पाणी आतून बाहेर जायला हवे. म्हणून बांधात जागोजाग उघाड्या ठेवतात. उघाडीची झडप अशी असते, की भरतीच्या रेट्याने ती आपोआप मिटते आणि ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. इतकी साधी युक्ती, पण तिच्या जोरावर जुन्या कुलाबा जिल्ह्यातल्या खारपाट्याने पिढ्यान् पिढ्या भात पिकवले. आपल्या पनवेलमध्येच खारभूमी संशोधन केंद्र आहे आणि खारवट जमिनीत तग धरणाऱ्या भाताच्या जातींना ‘पनवेल’ हेच नाव मिळालेले आहे.

या बांधाचा स्वभाव मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे. तो एकदा घालून भागत नाही. खेकडा त्याला बीळ पाडतो, लाट त्याचा पायथा खाते, उन्हाने तो तडकतो. आज मुठीएवढे भोक असेल तर चार टोपल्या चिखलाने भागते. दुर्लक्ष केले तर येत्या उधाणात त्याची खांड होते आणि मग प्रत्येक भरती-ओहोटी ती खांड रुंद करीत जाते. एकदा खारे पाणी शेतात बसले, की मीठ धुऊन जायला दोन-तीन पावसाळे लागतात. म्हणजे बांधाचा खरा खर्च हा बांधण्याचा नसून राखण्याचा आहे. उद्घाटनाचा नारळ एकदाच फुटतो. राखण रोजची असते.

हा राखणीचा खर्च आजवर कोणी सोसला? इतिहास पाहिला तर उत्तर वेळोवेळी बदललेले दिसते.

पेणच्या बाजूला अठराव्या शतकात ऐपतदार मंडळींनी भांडवल घालून खारी बांधल्या. त्यांना शिलोत्रीदार म्हणत. जमीन कसणारी रयत बिघ्यामागे मणभर भात त्यांना देई. त्याला शिलोत्री मण असे नाव होते. बाहेरकाठा दुरुस्त ठेवायचा, हा त्या मणाचा मोबदला. करार म्हणून पाहिला तर चोख होता. ज्याला लाभ त्याने वर्गणी द्यायची आणि ज्याने वर्गणी घेतली त्याने काम करायचे. पण करारातला एक पक्ष जमीनवाला आणि दुसरा कूळ असला, की तराजूचे काय होते हे मी आपणांस सांगायला नको. मण दरवर्षी मोजून घेतला जाई. बांधही दरवर्षी कोणी मोजून पाहत होते काय, हा माझा प्रश्न आहे.

याच्या जोडीला गावकऱ्यांची स्वतःची रीत होती. अलिबाग-पेणच्या खारपाट्यात तिला जोळ म्हणत. बांधाला धोका दिसला, की घरटी माणूस फावडे-टोपली घेऊन जायचा. ही रीत आपण गौरवाने सांगतो आणि ती गौरवाचीच आहे. तथापि तीत एक गोष्ट झाकली जाते. अंगमेहनत हाही खर्चच आहे. ज्या दिवशी माणूस बांधावर गेला त्या दिवशी त्याची मजुरी बुडाली. ती कोणाच्या वहीत लिहिली गेली नाही, म्हणून ती फुकट होती असे होत नाही. खार जमिनीचे सोने रयतेच्या घामाने झाले आणि खंड मात्र दुसऱ्याने नेला, ही सल मनात असलेल्याच मुलखात २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरीचा शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली २५ गावांनी तो १९३९ पर्यंत चालवला. जगात गिरणीचे संप पुष्कळ झाले. जमीन पडीक ठेवून सहा वर्षे उपास काढणारा संप आपल्या शेजारच्या तालुक्यात झाला, हे पनवेलच्या मुलांना पाठ असायला हवे. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले, त्यामागे कोकणातल्या कुळांची हीच दैना होती.

पुढे १९४८ साली मुंबई सरकारने दोन कायदे केले. एक कुळकायदा आणि दुसरा खार जमिनींचा कायदा. कुळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने जमीन कसणाराची झाली. फार मोठे काम झाले. पण जमीन कसणाराची झाली, आणि बाहेरकाठा कोणाचा झाला? मण घेणारा गेला, त्याबरोबर दुरुस्तीची जबाबदारीही गेली. एकेका शेतकऱ्याकडे अर्धा-पाऊण एकर. मैल-दीड मैल लांबीचा बांध त्याने कसा राखावा? खार जमिनींच्या कायद्याने मंडळ नेमले आणि खर्चाचा वाटा सरकार व जमीनधारक यांच्यात वाटून दिला. पुढे १९७९ साली महाराष्ट्राने नवा खारभूमी विकास कायदा केला आणि योजना सरकारच्या खात्याकडे आल्या. यामागचे तत्त्व बरोबर होते. परंतु सरकारी योजनेत नवे बांधकाम मंजूर होणे जितके सोपे, तितके वर्षावर्षाची राखण मंजूर होणे सोपे नसते. खात्याला टेंडर निघेपर्यंत खांड थांबत नाही.

इथपर्यंत प्रश्न शेताचा होता. १९७० नंतर तो शहराचाही झाला. त्या वर्षी सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घेण्यात आली. त्या जमिनीच्या भावासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक उठले, जासईच्या परिसरात गोळीबार झाला, पाच माणसे हुतात्मा झाली आणि त्यातून साडेबारा टक्के भूखंडाची योजना आली. हे सर्व आपण जाणता. माझ्या विषयापुरता मुद्दा असा, की या शहराचा मोठा भाग पूर्वीच्या खारपाट्यावर आणि खाजणावर उभा आहे. कळंबोलीसारखे भाग भरतीच्या पातळीहून खाली आहेत. म्हणून नगररचनाकारांनी हॉलंडची रीत उचलली: धारण तलाव बांधले, त्यांना झडपेची दारे लावली. भरतीच्या वेळी पावसाचे पाणी तलावात साठावे आणि ओहोटीला बाहेर जावे. म्हणजे आमच्या आजोबांची उघाडीच ती, काँक्रीटच्या पोशाखात आलेली!

पण तलावात गाळ साचला, कांदळवन उगवले, आणि आता कांदळवन तोडायला कायद्याची मनाई म्हणून गाळही सहजी काढता येत नाही. शिवाय राखण कोणाची? शहर वसवणारी संस्था एक; १ ऑक्टोबर २०१६ पासून महानगरपालिका दुसरी. मालमत्ता कर आणि सेवाशुल्क असा दुहेरी भार आपल्यावर पडतो, ही खारघर, कामोठे, कळंबोलीच्या रहिवाशांची तक्रार वर्षानुवर्षे गाजली. दोन मालकांच्या घरचा बैल उपाशी, तशी नाल्याची गत होते.

आणि मग विमानतळ आला. १,१६० हेक्टरांचा प्रकल्प. उलव्याची टेकडी फोडली, नदीचा प्रवाह वळवला, सखल जमिनीवर कित्येक मीटर उंचीचा भराव घातला. दहा गावे उठली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले. विमानतळाला माझा विरोध नाही. तिथे आमची पोरे कामाला लागावीत म्हणून आम्ही झगडतो. पण भराव सुरू झाल्यापासून पावसाळ्यात घरांत पाणी शिरते, असे डुंगी-पारगावच्या लोकांनी ओरडून सांगितले. पाण्याचा नियम गावातल्या बाईमाणसालाही कळतो: एका जागी जमीन उंच केली, की तिथले पाणी शेजारी जाते. उंच झालेल्या जमिनीची किंमत चढते आणि सखल राहिलेल्या घराची भिंत खचते. चढलेली किंमत एकाच्या खात्यात जमा होते आणि खचलेली भिंत दुसऱ्याच्या नावे पडते. खर्च कोणी सोसायचा, असे आपण विचारतो तेव्हा तो आजही कोणी तरी सोसतच आहे, हे ध्यानात घ्यावे.

तो कोण सोसतो? २००५ च्या पुरानंतर आमच्या युनियनच्या कचेरीत जी माणसे येत होती, त्यांची गाऱ्हाणी मी लिहून घेत असे. कोणाची शिलाईची मशीन गेली, कोणाची हातगाडी, कोणाचे रेशनकार्ड. बहुतेकांची आठ-पंधरा दिवसांची मजुरी बुडालेली. पंचनाम्याच्या कागदात भांडी, कपडे, भिंत, छप्पर यांना रकाने होते. बुडालेल्या मजुरीला रकाना नव्हता. भाडेकरूला तर घर गेले असेही म्हणता येईना, कारण घर त्याचे नव्हतेच. सरकारने खर्च केला नाही, तर तो खर्च नाहीसा होत नाही. तो हातावर पोट असणाऱ्याच्या अंगावर पडतो, आणि तोही पावतीवाचून.

आता उपायाकडे वळतो. यात दोन मते ऐकू येतात. एक म्हणते, ज्याची जमीन वाचते त्याने पैसे द्यावेत. दुसऱ्याच्या घरासाठी मी का कर भरावा? दुसरे म्हणते, सगळे सरकारने करावे. दोन्ही मतांत थोडे सत्य आहे आणि दोन्ही एकटी घेतली तर घात करतात.

पहिले मत घ्या. लाभ घेणाराने द्यावे, हे ऐकायला न्याय्य वाटते. पण मग जिथे वाचवायची मालमत्ता मोठी तिथे भिंत उंच, आणि जिथे झोपडी तिथे काहीच नाही, असे होईल. दहा कोटींचा बंगला वाचवणे फायद्याचे आणि शंभर झोपड्या वाचवणे तोट्याचे, असा हिशेब कागदावर सहज निघतो. संरक्षण हे मालमत्तेच्या भावावर नव्हे, माणसांच्या संख्येवर मोजले पाहिजे. आणि ज्या कोळ्याने, आगऱ्याने समुद्र तापवलेला नाही, त्याच्याकडून वाढत्या समुद्राची वसुली कशी करणार? १९०१ पासून २०१८ पर्यंत जगभरातील समुद्राची पातळी सरासरी वीस सेंटिमीटरने वाढली. त्याचे बिल मोऱ्याच्या किंवा डुंगीच्या माणसाला पाठवणे हा न्याय नव्हे.

दुसरे मत घ्या. सरकारने द्यावे, म्हणजे आपण सर्वांनी द्यावे. साबणाच्या वडीवर, पोराच्या चपलेवर आपण जो कर भरतो त्यातूनच तिजोरी भरते. ती तिजोरी बिनशर्त उघडी ठेवली, तर खोलगट जागा स्वस्तात घेऊन तिथे इमारती उठवणाराचे फावते. नफा त्याने घ्यावा आणि भिंत आपण बांधून द्यावी. हा आयत्या बिळातला नागोबा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली वेल्लोरच्या चामड्याच्या कारखान्यांच्या खटल्यात, जो बिघडवतो त्याने भरून द्यावे, हे तत्त्व आपल्या देशाच्या कायद्याचा भाग मानले. नाल्यात रसायन सोडणाराला जे लागू, ते नाल्याची वाट बुजवणाराला का लागू नसावे?

हॉलंडचे उदाहरण इथे उपयोगी पडते. त्या देशाचा मोठा भाग समुद्रसपाटीखाली. तिथे मध्ययुगापासून पाणी-मंडळे आहेत; शेतकऱ्यांनीच निवडलेली, स्वतःचा कर वसूल करणारी. ज्याला पाण्याची बाधा त्याने पाणी अडवावे, हा त्यांचा जुना नियम. पण १ फेब्रुवारी १९५३ च्या रात्री समुद्र बांध फोडून आत आला आणि १,८३६ माणसे दगावली. तेव्हा त्या राष्ट्राने ओळखले, की हे एकट्या काठच्या शेतकऱ्याचे ओझे नव्हे. १९५८ साली कायदा करून मोठ्या बांधांचा भार राष्ट्राच्या तिजोरीने उचलला. मात्र पाणी-मंडळे मोडली नाहीत. ती आजही कर घेतात, निवडणुका लढवतात आणि रोजची राखण करतात. मोठे काम राष्ट्राचे, राखण गावाची, आणि दोन्हींना पैसा ठरलेला. आमची जोळ मोडली. त्यांनी आपली जोळ पगारी करून टिकवली, इतकाच फरक.

कोणी म्हणेल, हे परदेशातले. मग महाराष्ट्रातले घ्या. १९७२ च्या दुष्काळानंतर ग्रामीण भागात रोजगार हमीची कामे काढायची होती. पैसा कोठून आणायचा? १९७५ साली व्यवसाय कर बसला. शहरातल्या कामगाराच्या, कारकुनाच्या पगारातून तो कापला जाऊ लागला आणि त्यात सरकारने आपली भर घालून माणदेशातल्या, मराठवाड्यातल्या बांधबंदिस्तीवर मजुरी दिली. १९७७ साली कामाचा हक्क कायद्याने मान्य झाला. शहराने गावाच्या बांधासाठी पैसा दिला, आणि केंद्र सरकारने तसा कायदा २००५ साली केला त्याच्या कितीतरी आधी दिला. तेव्हा ‘दुसऱ्याच्या बांधासाठी मी का?’ हा प्रश्न महाराष्ट्राने पूर्वीच सोडवलेला आहे.

दुसरे उदाहरण आमच्या घरचे. १९६९ चा माथाडी कायदा. हमालाला मालक ठरलेला नाही, म्हणून फंड नाही, उपदान नाही, अशी स्थिती होती. कायद्याने मंडळ नेमले. मजुरीवर लेव्ही बसवली. ती माल उचलून घेणाऱ्याने मंडळात भरायची. कळंबोलीच्या लोखंड बाजारात हे आपण पाहू शकता. तसेच १९९६ चा इमारत कामगारांचा कायदा: बांधकामाच्या खर्चाच्या एक टक्का उपकर कामगार कल्याणासाठी. काम करताना जो धोका निर्माण होतो, त्याचा खर्च कामाच्या किमतीतच धरला पाहिजे, हे ते तत्त्व.

यावरून माझ्या मागण्या अशा. पहिली: खाडीकाठच्या आणि नदीकाठच्या प्रत्येक वस्तीला किमान संरक्षण मिळावे, आणि तो खर्च राज्य व केंद्र यांच्या तिजोरीतून यावा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी आपत्ती येण्याआधीच्या उपायांचा वेगळा निधी सांगितला. राज्याच्या आपत्ती निधीतला वीस टक्के भाग त्यासाठी, आणि नदी व समुद्र यांची धूप रोखण्यासाठी देशपातळीवर १,५०० कोटी. म्हणजे खाते उघडलेले आहे. आपल्या तालुक्याने त्यावर हक्क सांगितला पाहिजे. दुसरी: भराव घालून जमीन उंच करणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाकडून, मग तो सरकारी असो की खाजगी, भरावाच्या प्रमाणात उपकर घ्यावा आणि तो त्याच पाणलोटात, त्याच खाडीकाठी खर्च व्हावा. तिसरी: बांध, उघाड्या व धारण तलाव यांची राखण काठच्या गावकऱ्यांकडे द्यावी, पण फुकट नव्हे, किमान वेतनाने, बारमाही. चौथी: ज्या शेतकऱ्याचा बांध फुटून शेतात कांदळवन वाढले, त्याचे शेत कायद्याने अडकले. उच्च न्यायालयाने २००५ आणि २०१८ साली कांदळवनाला दिलेले संरक्षण योग्यच आहे. ती झाडे लाटा मोडतात. पण ती झाडे जर सगळ्या शहराला वाचवतात, तर त्या शेताचे भाडे सगळ्या शहराने द्यावे. आणि पाचवी: पंचनाम्यात बुडालेल्या मजुरीचा रकाना असावा.

यावर आक्षेप येतील. उपकर बिल्डर घराच्या किमतीत चढवील, असे म्हणतील. काही अंशी चढवील. पण मग खोलगट जागेवरच्या घराची खरी किंमत घेणाराला आधीच कळेल. पुरानंतर कळण्यापेक्षा ते बरे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: निधी जमतो आणि पडून राहतो. इमारत कामगारांच्या उपकराचे हजारो कोटी रुपये देशभर असेच पडून राहिले आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाला सरकारांची कानउघाडणी करावी लागली. हे खरे आहे. म्हणूनच मी म्हणतो, की पैसा देणारा कोण हे ठरवताना हिशेब मागणारा कोण, हेही त्याच कागदावर लिहावे. समितीत शेतकरी, कोळी, भाडेकरू आणि बायका असाव्यात, आणि दर मे महिन्यात जमाखर्च चावडीवर वाचला जावा.

मित्रहो, हे वसंताचे दिवस. पावसाला दोन महिने आहेत. बांधाला चिखल लावायचा तो याच दिवसांत. जूनमध्ये लावलेला चिखल टिकत नाही. आपल्यापैकी ज्यांना जमेल त्यांनी येत्या रविवारी ओहोटीच्या वेळी गाढीच्या मुखापर्यंत आणि जवळच्या धारण तलावापर्यंत चालत जावे. किती झडपा मिटतात, किती अडकल्या आहेत, भराव कोठवर आला आहे, हे वहीत टिपून घ्यावे, आणि ती वही घेऊन महापालिकेच्या व तहसीलदारांच्या कचेरीत जावे. पैसे कोणी द्यायचे हा वाद मोठा आहे आणि तो आपल्याला लढवावा लागेल. पण मोजलेल्या कामाचे मागणीपत्रक हातात असले, तरच पलीकडचा माणूस बोलणी करायला बसतो, असा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे.